कोल्हासुराची बाजू : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अंबाबाईने करवीरात, म्हणजे आजच्या कोल्हापुरात, ज्याचा वध केला त्या कोल्हासुर या असुरावरील माझ्या कथेबद्दलची आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे की, कोल्हासुराला पोरके बालपण आणि मुलांच्या मृत्यूचे दुःख देऊन मी त्याच्या अत्याचारांना सबब पुरवली, त्यामुळे अंबाबाईचा पराक्रम उणा झाला, आणि प्रत्येक खलनायकाबद्दल कणव निर्माण करण्याची जी टूम हल्ली निघाली आहे तिच्यात आपल्या करवीरची कथाही ओढली गेली. कथेचा शेवटचा प्रसंग काढून टाकावा, अशीही सूचना आपण केली आहे. हा आक्षेप आस्थेपोटी आलेला आहे, म्हणून त्याचे उत्तर दोन ओळींत उरकणे मला योग्य वाटत नाही.

प्रथम हे स्पष्ट करते की, पोरके बालपण माझ्या कल्पनेतले आहे. मुलांचे दुःख मात्र माझे नाही. करवीर माहात्म्याच्या कथा सांगणाऱ्यागणिक तपशिलात बदलतात, हे आपण जाणताच. मी आधाराला घेतलेल्या प्रचलित कथेत कोल्हासुराचे मुलगे देवांच्या हातून मारले जातात, त्या संतापात तो देवीकडून शंभर वर्षांची मुदत मागून घेतो, तेवढा काळ तिने या क्षेत्रात पाऊल टाकू नये अशी अट घालतो, आणि मुदत सरल्यावर देवी येऊन त्याचा वध करते. मुले गमावलेला बाप परंपरेनेच आपल्यासमोर उभा केला आहे. मात्र त्या शंभर वर्षांविषयी ‘त्याने प्रजेला छळले’ यापलीकडे फारसे काही सांगितले जात नाही. सूड देवांवर उगवायचा होता, मग हात प्रजेवर का पडला, हा प्रश्न मला लहानपणापासून छळत आला आहे आणि माझी कथा त्या एकाच प्रश्नाभोवती फिरते. देवांपर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून जे हाताशी आहेत त्यांना तो चिरडतो, हे मला सापडलेले उत्तर आहे, आणि त्यात त्याची सुटका कुठेही नाही.

दुष्टाच्या दुष्टपणाला कारण देणे ही आजची टूम आहे, हे मला पटत नाही. हिरण्यकशिपूचे विष्णूशी वैर का, तर वराहरूपात विष्णूने त्याचा भाऊ हिरण्याक्ष मारला म्हणून. भावाचा शोक खरा आहे, पण त्या शोकामुळे प्रल्हादाचा छळ क्षम्य ठरला, असे कोणत्याही कीर्तनकाराने कधी म्हटले नाही आणि ऐकणाऱ्यालाही तसे कधी वाटले नाही. रावण आणि कुंभकर्ण तर मूळचे वैकुंठाचे द्वारपाल जय-विजय, सनकादिकांच्या शापामुळे राक्षसयोनीत आलेले. तरीही सीताहरण हे सीताहरणच राहते. कारण आणि अपराध एकाच वेळी मनात धरण्याची सवय आपल्या श्रोत्यांना फार जुनी आहे. तेवढाच भरवसा मी माझ्या वाचकावर टाकला आहे.

आपल्या आक्षेपातील एक धोका मात्र खरा आहे. सहानुभूती वाढवण्याच्या भरात लेखक अपराधच पुसून टाकतो, असे होते. कर्णाचे उदाहरण घ्या. मराठी वाचकाच्या मनात कर्णाविषयी जी अपार माया आहे, ती रुजवण्यात आपल्याच जिल्ह्यातील आजऱ्याचे शिवाजी सावंत आणि त्यांची 1967 मधील ‘मृत्युंजय’ यांचा वाटा फार मोठा. ती माया मलाही आहे. पण सभापर्वात द्रौपदीला कुलटा म्हणणारा आणि तिची वस्त्रे उतरवण्यास दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे, हे कर्णभक्तांना आठवून दिले की संभाषण तिथेच थांबते, असा माझा अनुभव आहे. सूतपुत्र म्हणून झालेली अवहेलना आणि भर सभेतले ते शब्द, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. म्हणूनच माझ्या कथेत कोल्हासुराच्या दुःखाचे प्रकरण संपते तिथेच त्याने उजाड केलेल्या गावातील म्हातारी बोलू लागते. तिचे धान्य नेले, नांगराचा बैल नेला, मुलगा नेला. ती त्याला क्षमा करत नाही, आणि तिने क्षमा करावी असे मलाही वाटत नाही. आपल्या प्रतिक्रियेत त्या म्हातारीचा उल्लेख नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

महात्मा फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’त बळीराजाला न्यायी राजा म्हणून उभे केले, तसे मी कोल्हासुराला करू पाहते आहे, असेही आपण सुचवले आहे. ते काम वेगळे होते. बळीचा दोष पुराणालाही धड सांगता येत नाही, आणि दिवाळीला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणत घरोघरी त्याची वाट पाहिली जाते. कोल्हासुराचे राज्य परत यावे, असे कोल्हापुरात कुणी म्हणत नाही. मीही म्हणत नाही.

आता शेवटच्या प्रसंगाविषयी. मरणोन्मुख कोल्हासुर देवीकडे मागणे मागतो की या क्षेत्राला माझे नाव राहावे आणि दरवर्षी कोहळ्याचा बळी दिला जावा, आणि देवी ते मान्य करते. हे मागणे माझ्या कल्पनेतले नाही, परंपरेतलेच आहे. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोली देवीच्या भेटीला जाते, कुमारिकेच्या हातातील त्रिशूळ कोहळ्यावर पडतो, आणि पुढच्याच क्षणी त्या कोहळ्याची फोड मिळावी म्हणून जी झुंबड उडते ती आपण पाहिली असेलच. पोलिसांचे कडे मोडते, फोडी हातातल्या हातात कुस्करल्या जातात, आणि चिमूटभर गर मिळाला तरी माणसे तो रुमालात बांधून घरी नेतात. ज्याचा वध झाला त्याचेच प्रतीक शुभ म्हणून देवघरात ठेवणारे हे शहर आहे. वध झाल्यावर वैर संपले, हे देवीने मान्य केले आणि शहरानेही.

म्हणून तो प्रसंग मी काढणार नाही. मरणाऱ्या शत्रूचे ऐकून घेणारी आणि त्याला शब्द देणारी अंबाबाई मला त्रिशूळ उगारणाऱ्या अंबाबाईइतकीच समर्थ वाटते, आणि तिचे ते सामर्थ्य दिसायचे असेल, तर समोरच्याला मागण्यासारखे काहीतरी असावे लागते. माझ्या कोल्हासुराकडे ते आहे. म्हातारीचा भाग समोर ठेवून आपण कथा पुन्हा वाचलीत आणि तरीही आपला आक्षेप कायम राहिला, तर तो जरूर लिहा.