‘बिनधास्त जा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सुट्ट्या जवळ आल्या की एक मेसेज ठरल्यासारखा फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं एकच: फोर-बाय-फोर गाडी घ्या, मोबाईलमध्ये नकाशा ठेवा, तब्येत ठणठणीत असली की मध्य आशियातले पामीर डोंगर काय अन् चिलीतलं अटाकामा वाळवंट काय, कुठेही बिनधास्त जा. रस्ते आता झकास झालेत. गाडी बंद पडलीच तर चालायला लागा, कुणीतरी भेटतंच. तयारीचा बाऊ करणारे घाबरट असतात. खाली बर्फाळ शिखरांचे आणि वाळूच्या टेकड्यांचे फोटो. फोटो खरे असतात. बाकीचं एकेक करून बघू.

‘फिट माणसाला उंचीचा त्रास होत नाही.’ अख्ख्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे. ५,००० मीटरवरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजनही तितकाच घटतो. या विरळ हवेला सरावायला शरीराला काही दिवस लागतात, मग तुम्ही रोज दहा किलोमीटर पळत असा नाहीतर नसा. उलट फिट माणूस डोकं ठणकत असतानाही ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणत पुढे रेटतो आणि तेच अंगाशी येतं.

डॉक्टरांचा ढोबळ नियम असा आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. आता पामीर हायवे घ्या. किरगिझस्तानातलं ओश शहर हजारेक मीटरवर, ताजिकिस्तानातलं काराकुल सरोवर ३,९०० मीटरवर. गाडीने हे अंतर एका दिवसात कापता येतं. पायी जाणाऱ्याला एवढं चढायला कितीतरी दिवस लागले असते आणि तेवढ्यात त्याचं शरीर रुळलं असतं. गाडीत बसलेल्याला दमच लागत नाही, त्यामुळे आपण किती चढलो हे त्याला कळतं ते रात्री, उशीवर डोकं टेकल्यावर.

म्हणूनच ‘रस्ते झकास झालेत’ हा मुद्दा इथे उलटा लागू पडतो. मनाली-लेह मार्गावर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाला, रोहतांगचा घाट टळला, काही तास वाचले. चांगलंच झालं. पण त्या वाचलेल्या वेळात आणखी वर जाऊन मुक्काम टाकायचा मोह होतो, आणि ४,२०० मीटरच्या वर असलेल्या सार्चूला पहिल्याच रात्री झोपणाऱ्यांचे हाल होतात.

डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आहात तिथेच थांबा. चालताना तोल जायला लागला, बोलणं भरकटलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मध्यरात्र असली तरी माणसाला खाली न्यायचं. ऑक्सिजनचा छोटा कॅन हुंगत वर जात राहणं हा उपचार नव्हे.

‘फोर-बाय-फोर कुठेही जाते.’ जाते, थांबत नाही. चारही चाकांना जोर मिळतो म्हणून ती चिखलातून, वाळूतून निघते. ब्रेक मात्र साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात, त्यामुळे बर्फावर किंवा सुट्या खडीवर थांबताना तुमची महागडी गाडी इतरांसारखीच घसरते. लांब उतारावर गिअर खालचा ठेवावा लागतो, नाहीतर ब्रेक तापून पेडल ऐन वळणावर पोकळ लागतं. वाळूत टायरची हवा उतरवावी लागते, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. पण डांबरावर परतल्यावर ती पुन्हा भरली नाही तर तोच टायर तापून फुटतो. तेव्हा पंप आणि प्रेशर गेज गाडीत हवेच. आणि पाणी! साधारण ६० सेंटीमीटर खोल वाहतं पाणी मोठ्या एसयूव्हीलासुद्धा वाहून नेऊ शकतं. बर्फ वितळून येणारे ओढे पहाटे सगळ्यात कमी असतात, ऊन तापलं की दुपारी फुगतात. सकाळी निघायचा कंटाळा करणाऱ्याला गाडीची ताकद वाचवत नाही.

नकाशाबद्दल थोडक्यात. मोबाईलला रेंज नसली तरी जीपीएस चालतं, हे मेसेजवाल्यांचं खरं. पण तुम्ही कुठे आहात हे कळणं वेगळं आणि समोरची रेघ हा रस्ताच आहे याची खात्री असणं वेगळं. २०१२ मध्ये अ‍ॅपलच्या नकाशाने ऑस्ट्रेलियातलं मिल्ड्यूरा शहर त्याच्या जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, एका ओसाड राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध दाखवलं. काही जण तिथे २४ तासांपर्यंत अन्नपाण्याविना अडकले आणि व्हिक्टोरिया पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला. कागदी नकाशा सोबत ठेवा, आणि पुढचा पेट्रोलपंप चालू आहे का, हे समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला विचारा.

‘गाडी बंद पडली तर चालायला लागा.’ डोंगरात वस्ती दिसत असेल तर एक वेळ ठीक. वाळवंटात नाही म्हणजे नाही. १९९६ मध्ये अमेरिकेच्या डेथ व्हॅलीत चार जर्मन पर्यटकांची भाड्याची गाडी सापडली, टायर बसलेले, आत कुणी नाही. त्यांच्यातल्या काहींचे अवशेष २००९ मध्ये कित्येक किलोमीटर दूर मिळाले. रणरणत्या उन्हात चालणाऱ्याचं शरीर तासाला लिटरभर घाम गाळू शकतं. म्हणजे हातातली बाटली पहिल्या तासालाच संपली. विमानातून पाहणाऱ्याला माणूस ठिपक्याएवढाही दिसत नाही, गाडी मात्र दिसते. तिच्या सावलीला बसा, बॉनेट उघडून ठेवा, आरसा काढून चमकवा. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी, तेही अडकून पडायचे जादा दिवस धरून, आधीच गाडीत असलं पाहिजे. (निवडुंग कापून पाणी प्यायची युक्तीही याच मेसेजमध्ये वाचलीय. बहुतेक निवडुंगांचा रस पोट बिघडवतो, उलट्या-जुलाबांत आहे तेही पाणी जातं.)

राहता राहिला घाबरटपणाचा आरोप. अलास्कातल्या डाल्टन हायवेवर कोल्डफूटपासून डेडहॉर्सपर्यंत साधारण ३८५ किलोमीटर एकही पंप नाही, आणि तिथे रोज ये-जा करणारे ट्रकवाले जादा टायर, इंधन, गरम कपडे घेतल्याशिवाय हलत नाहीत. त्यांना कुणी घाबरट म्हणून दाखवावं. तुम्हीही निघण्यापूर्वी घरच्या एकाला मार्ग, मुक्काम आणि गाडीचा नंबर लिहून द्या, आणि ठरल्या वेळेनंतर किती तासांत फोन आला नाही तर कुठल्या पोलीस ठाण्याला कळवायचं, तेही त्याच कागदावर लिहा.