पुलाला काही कळत नाही म्हणे, पण ऑक्सिमीटरला कळतं

तो मेसेज परत फिरायला लागलाय. तुम्हालाही आला असेल. "पूल बांधणारा इंजिनिअर बाई आहे की पुरुष, काळा की गोरा, हे पुलाला कळत नाही. सायन्सला फक्त मेरिट कळतं. ज्यांना आवड असते ते येतातच, कुणी दार लावून बसलेलं नाही, खोटं वाटत असेल तर नोबेलची यादी बघा. डायव्हर्सिटी, इन्क्लुजन वगैरे सगळं दर्जा खाली आणायचं खूळ आहे." शेवटी हात जोडलेले आणि 'पटलं तर पुढे पाठवा'. मला महिन्याभरात तिघांनी पाठवला, त्यातले दोघं स्वतः इंजिनिअर, म्हणून म्हटलं एकदा बसून एकेका वाक्याचा समाचार घेऊनच टाकू.

आधी तो पूलच घ्या. लोखंडाला काही कळत नाही हे शंभर टक्के खरं. पण इंजिनिअर लोक आयुष्यभर फक्त पूलच बांधतात का? बोटाला लावायचा तो चिमटा आठवतोय ना, पल्स ऑक्सिमीटर, कोविडमध्ये सगळ्यांना पाठ झालेला. तो बोटातून लाल आणि इन्फ्रारेड उजेड सोडतो आणि पलीकडे किती पोचला त्यावरून रक्तातला ऑक्सिजन सांगतो. आता मधे कातडी आहे, आणि कातडीला रंग देणारं मेलॅनिनसुद्धा उजेड शोषून घेतं. 2020 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या पेशंटांचा अभ्यास छापून आला. चिमटा 92 ते 96 दाखवतोय, म्हणजे तसं बरं चाललंय, पण धमनीतलं रक्त काढून तपासलं तर ऑक्सिजन 88 च्याही खाली. हे गोऱ्या पेशंटांच्या बाबतीत 3.6 टक्के वेळा झालं आणि कृष्णवर्णीय पेशंटांच्या बाबतीत 11.7 टक्के वेळा. तिप्पट! आणि त्या काळात उपचारांचे कितीतरी निर्णय याच आकड्यावर होत होते. म्हणजे पुलाला कळत नसेल, चिमट्याला बरोब्बर कळत होतं.

हे एकच उदाहरण असतं तर मी गप्प बसलो असतो. अमेरिकेतल्या एमआयटीत जॉय बुओलाम्विनी नावाची कृष्णवर्णीय संशोधक चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत होती, ते सॉफ्टवेअर तिचा चेहराच पकडेना, पांढरा मुखवटा लावला की लगेच पकडायचं. तिनं आणि टिम्निट गेब्रूनं 2018 मध्ये मोठ्या कंपन्यांची तयार सॉफ्टवेअरं तपासली, फोटोवरून बाई की पुरुष एवढंच ओळखायचं होतं, तर गोऱ्या पुरुषांत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के आणि सावळ्या-काळ्या बायकांत 34.7 टक्क्यांपर्यंत. गाड्या आपटून बघायचे पुतळे कितीतरी दशकं सरासरी पुरुषाच्या मापाचे होते, आणि 2011 च्या एका अभ्यासात निघालं की तशाच अपघातात, सीटबेल्ट लावूनसुद्धा, गाडी चालवणाऱ्या बाईला गंभीर इजा व्हायची शक्यता पुरुषापेक्षा 47 टक्के जास्त. झोलपिडेम नावाची झोपेची गोळी अमेरिकेत 1992 पासून मिळत होती, बायकांच्या रक्तात ती सकाळी जास्त उरते म्हणून त्यांचा डोस निम्मा करा असं तिथल्या औषध खात्यानं सांगितलं 2013 मध्ये. एकवीस वर्षं!

यात कुणी मुद्दाम वाईट केलं असं मी म्हणतच नाहीये. माणूस पहिली चाचणी स्वतःवर आणि शेजारच्या टेबलावरच्यावर घेतो, एवढी साधी गोष्ट आहे. वेगळी माणसं टीममध्ये घेतली की चुका आपोआप थांबतात असंही नाही, पण निदान कुणीतरी "अहो, माझ्या बोटावर चालत नाही हे" एवढं तरी म्हणेल.

आता मेरिट. हा सगळ्यात लाडका मुद्दा, आणि मेरिटला माझा काडीचाही विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच की मोजलं कशानं? 2012 मध्ये अमेरिकेतल्या 127 सायन्स प्रोफेसरांना लॅब मॅनेजरच्या नोकरीचा एक अर्ज वाचायला दिला. अर्ज अक्षरशः एकच, फक्त निम्म्यांच्या प्रतीवर नाव जॉन आणि निम्म्यांच्या प्रतीवर जेनिफर. जॉन जास्त लायक ठरला, त्याला पगार सुचवला वर्षाला सरासरी 30,238 डॉलर, जेनिफरला 26,508. आणि हे फक्त पुरुषांनी केलं नाही, बायका प्रोफेसरांनीही तेच केलं. दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढं वेचलं. 2015 मध्ये विल्यम्स आणि सेसी यांनी प्रोफेसरांना असिस्टंट प्रोफेसरच्या पदासाठी काल्पनिक उमेदवार दिले तर तिथे स्त्री उमेदवाराला दुप्पट पसंती मिळाली. मग खरं काय? माझ्या मते दोन्ही. कुठल्या पायरीवर, कुठलं पद, समोर काय कागद ठेवलाय यावर निकाल हलतो. पण मग मेसेजवाल्यांनीच सांगावं, नुसतं नाव बदलल्यावर माप इकडे नाहीतर तिकडे झुकत असेल तर ते मेरिटचं माप कसं?

अंतराळातल्या हबल दुर्बिणीचा किस्सा मला यात फार आवडतो. हबलवर वेळ मिळावा म्हणून जगभरातले खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात, आणि मिळतो फार थोड्यांना. बायकांनी नेतृत्व केलेल्या अर्जांना यश किंचित कमीच मिळतंय हे वर्षानुवर्षं दिसत होतं. 2018 मध्ये हबल चालवणाऱ्यांनी कोटा ठेवला नाही, ग्रेस मार्क दिले नाहीत, काही नाही. फक्त अर्जावरची नावं काढली आणि भाषा अशी ठेवायला लावली की कोण लिहितंय ते कळू नये. त्या फेरीत बायकांचा यशाचा दर 8.7 टक्के आणि पुरुषांचा 8. फरक छोटा आहे, एका फेरीवरून फार उड्या मारू नयेत. पण परीक्षक जे आधी "हा माणूस भारी आहे, करेल तो" अशा गप्पांत वेळ घालवायचे ते अर्जातल्या सायन्सवर बोलायला लागले. मेरिट मेरिट म्हणतात ते हेच ना? आणि हे केलं कुणी, तर समावेशाची, म्हणजे त्याच त्या इन्क्लुजनची, काळजी करणाऱ्यांनी.

"आवड असते ते येतातच." बरं. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत 1984 च्या आसपास बायका 37 टक्के होत्या. पुढच्या पंचवीसेक वर्षांत त्या 18 टक्क्यांवर आल्या, आणि याच काळात मेडिकल आणि लॉ मध्ये वाढत होत्या. आवड जर जन्मजात असेल तर ती एका पिढीत निम्मी कशी होते ब्वा? त्याच्याही मागे जा, 1945-46 मध्ये एनिॲक या सुरुवातीच्या अवाढव्य कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहाही जणी बायका होत्या, तेव्हा ते 'बायकांचं काम' समजलं जायचं कारण मशीन बनवणं म्हणजे खरं काम आणि ते चालवणं म्हणजे कारकुनी.

ऐंशीच्या दशकात झालं काय, तर घरात कॉम्प्युटर आला, त्याच्या जाहिरातीत मुलगा, ठेवला मुलाच्या खोलीत. मग कॉलेजच्या पहिल्या दिवशी निम्मा वर्ग आधीच चार वर्षं खेळून आलेला. मला हे अगदी जवळून आठवतं, आमच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सर म्हणाले "हे तर तुम्हाला येतच असेल" आणि पुढे सरकले, पुढच्या बाकावरचे तिघं-चौघं हसून मान हलवत होते आणि माझ्या शेजारची मुलगी वहीत हळूच 'कंपाईल म्हणजे काय?' असं लिहून माझ्याकडे सरकवत होती. मलाही नीट माहीत नव्हतं, मी पण मान हलवत होतो! ती दुसऱ्या वर्षी ब्रँच बदलून गेली. सगळे म्हणाले तिला आवड नव्हती.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठानं नेमकं हेच पकडलं. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी तिथल्या मुलामुलींशी वर्षानुवर्षं बोलून काढलं की आधीचा अनुभव आणि शेवटचं यश यांचा तसा काही संबंध लागत नाही. मग ॲडमिशनमध्ये त्या अनुभवाचं वजन कमी केलं, सुरुवातीचे कोर्स अनुभवाप्रमाणे वेगवेगळे केले, आणि 1995 मध्ये 7 टक्के असलेल्या मुली 2000 मध्ये 42 टक्के झाल्या. तिथल्याच हार्वी मड कॉलेजनंही पहिला कोर्स दोन तुकड्यांत केला, अगदी नवखे एकीकडे आणि शाळेपासून कोड लिहिणारे दुसरीकडे, म्हणजे वर्गात कुणी कुणावर इम्प्रेशन मारायला नको. मलेशियात तर कॉम्प्युटर शिकणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास मुलीच असतात, तिथे हे घरात किंवा ऑफिसात बसून करायचं, मुलींना सोयीचं काम मानतात. आवड कुठल्या मातीत वाढते ते बघायला नको का?

(हो, मला माहितीये, आता कुणीतरी 'स्त्री-पुरुष समानता जास्त असलेल्या देशांत मुली सायन्स कमी घेतात' तो 2018 चा पेपर चिकटवणार. चिकटवा, पण त्या पेपराला 2019 मध्ये दुरुस्ती जोडावी लागली कारण दुसऱ्यांना तेच आकडे मिळेनात, तीही चिकटवा.)

नोबेलची यादी आणि 'कुणी दार लावलं नाही' हे एकत्रच उरकतो. मारिया गोपर्ट मायर यांना 1963 मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं, त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी विद्यापीठांत बिनपगारी काम केलं कारण नवरा तिथे नोकरीला आणि नवरा-बायको दोघांना पगार द्यायचा नाही असा नियम. अणुविभाजन म्हणजे नेमकं काय घडतंय हे लिझे माइटनर यांनी उलगडलं आणि 1944 चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या ओटो हान यांना. पल्सार, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरींचे ठोके पाठवणारा तारा, पहिल्यांदा दिसला जोसलिन बेल बर्नेल यांना 1967 मध्ये, 1974 चं नोबेल त्यांच्या गाइडला. कमला भागवत, पुढच्या सोहोनी, विद्यापीठात पहिल्या येऊनही 1933 मध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत घ्यायला आधी नाही म्हटलं, का तर बाई, आणि मग घेतलं तेही वर्षभर प्रोबेशनवर. फ्रेंच विज्ञान अकादमीनं 1911 मध्ये मेरी क्युरींना पाडलं आणि पहिली पूर्ण सदस्य बाई निवडली 1979 मध्ये. एवढं झाल्यावर यादीत बायका कमी का म्हणून विचारायचं, म्हणजे कुलूप लावून चावी खिशात घालायची आणि वर म्हणायचं, आलीच नाहीत की तुम्ही.

राहिला दर्जा. इथे मला मेसेजवाल्यांची भीती समजते, कारण 'पोरांना झेपत नाही, सोपं करून द्या' असा समावेश मीही पाहिलाय आणि तो मलाही अपमानच वाटतो. म्हणूनच यूरी ट्राइसमन या गणिताच्या माणसाचं काम सांगतो. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं धडाधड नापास होत होती. प्राध्यापकांना विचारलं का, तर उत्तरं ठरलेली: मेहनत नाही, पाया कच्चा, घरी वातावरण नाही. ट्राइसमननं वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या मुलांचा दीड वर्ष पिच्छा पुरवला, ती अभ्यास कशी करतात ते त्यांच्यात बसून बघितलं. तिन्ही कारणं खोटी निघाली. कृष्णवर्णीय मुलं कष्टाळू होती, घरचे पाठीशी होते. फरक एवढाच की ती एकटी बसून अभ्यास करायची, अभ्यास वेगळा आणि दोस्त वेगळे. चिनी मुलं आधी एकटी करायची आणि मग संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासायची, जुने पेपर सोडवायची, कुणाला एखादं गणित अडलं की कळायचं आपण ढ नाही, गणितच अवघड आहे. एकट्या बसणाऱ्याला हे कधी कळतच नाही, त्याला वाटतं आपणच कमी.

मग त्यानं जादा शिकवणी लावली नाही. उलट ऑनर्स म्हणून वर्कशॉप काढलं आणि नेहमीच्यापेक्षा अवघड गणितं दिली, चार-पाच जणांनी मिळून डोकं फोडायचं. त्या वर्कशॉपमधली कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं बाहेरच्या गोऱ्या आणि आशियाई वर्गमित्रांच्याही पुढे गेली. पेपर तोच, तपासणारे तेच. दर्जा कुठे खाली आला?

आमच्या, म्हणजे समावेश हवा म्हणणाऱ्यांच्या, बाजूचे लोकही थापा मारतात, तेही कबूल करून टाकतो. सक्तीची दोन तासांची डायव्हर्सिटी ट्रेनिंगं बहुतेक वाया जातात, डॉबिन आणि कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी कंपन्यांचा वर्षानुवर्षांचा डेटा बघून हेच सांगितलंय, लोक उलट चिडतात. आणि 'विविध टीम म्हणजे जास्त नफा' हे मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचं वाक्य जो तो स्लाइडवर टाकतो, पण इतर संशोधकांनी अमेरिकेच्या मोठ्या कंपन्यांवर ते करून बघितलं तर निघेना. नफा होवो न होवो, माझा मुद्दा नफ्याचा नाहीच.

शेवटचं एक, 'सगळ्यांना नियम सारखे' म्हणणाऱ्यांसाठी. वांडा दियास-मर्सेड फिजिक्स शिकता शिकता दृष्टी गमावून बसल्या. खगोलशास्त्र म्हणजे आलेख बघायचे, नियम सगळ्यांना सारखा, दिसत नसेल तर घरी जा. त्या गेल्या नाहीत. आलेखातल्या आकड्यांचे सूर करून ते ऐकायला लागल्या. मग त्यांनी डोळस खगोलशास्त्रज्ञांवर प्रयोग केले, आलेख बघताना सोबत तोच डेटा ऐकवला, तर गोंगाटात दडलेले जे सिग्नल नुसत्या डोळ्यांना निसटत होते ते त्यांना जास्त सापडायला लागले.