आपत्कालीन दाराजवळची सीट पाहिजे? मग एवढं करा

विमानात आपत्कालीन दाराच्या रांगेत पाय पसरायला ऐसपैस जागा असते. ती कशी पटकवायची, याचे धडे मी गेल्या आठवड्यात गिरवून आलो. फुकट वाटतोय, घ्या.

पहिली अट, डोळे असावेत. उघडे असलेच पाहिजेत असं नाही.

हवाई सुंदरी 'गरज पडली तर दार उघडाल ना?' असं विचारायला आली की कानातले हेडफोन काढायची तसदी घेऊ नका. मान हलवा. उभी, आडवी नको.

समोरचं सूचनांचं कार्ड वाचू नका. माणूस नवखा दिसतो.

आणि पांढरी काठी चुकूनही आणू नका. मी आणली होती. चेक-इन करताना यंत्राने मला अकरावी रांग दिली, मी काय करणार? काठीची घडी घालून बसलो, हँडलवरचं झाकण कुठं आहे ते हलक्या हाताने चाचपलं, सोळा वर्षांच्या भाच्याकडून कार्ड वाचून घेतलं, दोनदा. तेवढ्यात आवाज आला, "यांना इथे बसता येणार नाही." हे भाच्याला. मग त्यालाच, "यांना चालता येतं का?" भाचा म्हणाला, "मामांनाच विचारा ना, ऐकू येतं त्यांना." नाही विचारलं. दंडाला धरून मला चोविसाव्या रांगेत नेलं आणि काठी वरच्या कप्प्यात टाकली. माझ्या जागी आलेले गृहस्थ विमान हलायच्या आत घोरत होते, असा भाच्याचा अहवाल.

नियम आहे, ठाऊक आहे मला. अमेरिकेने 1990 साली केला: त्या रांगेत बसणाऱ्याला दार उचलण्याची ताकद हवी, सूचना समजायला हव्यात, वय किमान 15 हवं आणि नजर हवी. नजरेचं कारणही खरं आहे. बाहेर आग असेल तर ते दार उघडायचं नसतं, आणि ती आग खिडकीतून बघावी लागते. मला दिसणार नाही, मान्य. पण ताकद? समज? ती कोण तपासतं? एकाच्या हातात काठी दिसली की बाकीचे सगळे पास!

1985 साली मँचेस्टरला धावपट्टीवर एका विमानाने पेट घेतला. 55 जण गेले, बहुतेक धुराने. पंखावरच्या दाराशी बसलेल्या बाईंनी हँडल समजून आधी सीटचा हात ओढला. मग दार निघालं ते, सुमारे 22 किलोचं, अंगावरच कोसळलं. त्यांना नावं ठेवणार नाही. डोळे होते, सराव नव्हता. विमान मंजूर होण्याआधी अंधारात, अर्धीच दारं वापरून, 90 सेकंदांत सगळ्यांना बाहेर काढून दाखवावं लागतं. घोरणाऱ्याला जागं करण्यात त्यातले किती जातील?

धुरात तुम्हालाही चाचपतच जायचंय. मी विमानात शिरलो की सीटच्या पाठींवर हात टेकत रांगा मोजतो. चोविसाव्या रांगेतून ते दार तेरा रांगा पुढे होतं. तुमचं किती रांगांवर होतं हो, शेवटच्या प्रवासात?

बास झाली थट्टा. ठेवा ती सीट तुमच्याकडे, मला नकोच होती. पण माझ्याबद्दलचा प्रश्न मला विचारा, पोराला नाही. न विचारता अंगाला हात लावायचा नाही. काठी म्हणजे सामान नव्हे; खिडकीकडच्या भिंतीलगत खाली मावते ती, माझ्या हाताशी राहू द्या. आणि अकराव्या रांगेतल्या त्या साहेबांना झोपण्याआधी एकदा तोंडाने उत्तर द्यायला लावा, हँडल कुठं आहे आणि दार कसं निघतं. नाही सांगता आलं तर त्यांनाही उठवा. दंडाला धरूनच.