मोठ्या शेडआधी वेगळी खोली

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्लीतील भटकी कुत्री निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला तो बदलून, नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच सोडण्यास सांगितले. तेव्हापासून बेळगावच्या आप्तांशी बोलताना ‘तुमच्या इंग्लंडसारखा एक मोठा निवारा इथेही हवा, कुत्र्यांबरोबर मांजरांचीही सोय होईल’ हे मला वारंवार ऐकावे लागते. इथे इंग्लंडमधल्या एका निवाऱ्यात मांजरांच्या आजारी पिल्लांच्या खोलीत मी सुटीच्या दिवशी काम करते, आणि म्हणूनच मला हा आग्रह धोक्याचा वाटतो.

मांजरांच्या पार्व्होचा, म्हणजे जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा, विषाणू फरशीवर, फडक्यांत आणि चपलांच्या तळव्यांवर कित्येक महिने टिकतो. हाताला लावायच्या सॅनिटायझरने तो मरत नाही, ब्लीच लागते. त्यामुळे नवे पिल्लू आधी वेगळे ठेवतात, निरोगी पिल्लांचे काम उरकल्यावरच आजाऱ्यांकडे जातात आणि तिथला अ‍ॅप्रन व हातमोजे बाहेर नेत नाहीत. लस न टोचलेली पन्नास पिल्ले एका शेडमध्ये ठेवली, तर ती शेड रोग पसरवण्याचेच काम करील.

दूधपित्या पिल्लांचे काम याहून चिवट असते. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची आणि मगच पालथे ठेवून पाजायचे, कारण थंड शरीराला दूध पचत नाही आणि उताणे पाजलेले दूध फुप्फुसात जाऊ शकते. गाईच्या दुधाने जुलाब होतात, म्हणून पिल्लांसाठीची दूध-पावडर दर दोन-तीन तासांनी द्यावी लागते. पाजल्यावर ओल्या कापसाने पुसून लघवी करवायची आणि रोज ग्रॅममध्ये वजन नोंदवायचे, कारण वजन वाढायचे थांबणे हीच बहुधा आजाराची पहिली खूण असते. एवढे करूनही काही पिल्ले जातात. रात्रीचे पाजणे इमारतीत जमत नाही, म्हणून अशी पिल्ले स्वयंसेवकांच्या घरी दिली जातात. छायाचित्रांत दिसणाऱ्या त्या देखण्या निवाऱ्याचे निम्मे काम असे लोकांच्या घरांत चालते.

ते बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत का जमू नये? जूनच्या पावसात मागची कोरडी खोली आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पुरेशी आहे. ब्लीचचे प्रमाण कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहून भिंतीवर लावावे. निदान त्या पाटीवरून तरी वाद होऊ नये. देणगीचा पैसा मात्र आधी माद्यांच्या नसबंदीवर जायला हवा, कारण मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते.

एका बाबतीत इंग्लंडची नक्कल चालणार नाही. इथल्या मांजरांत रेबीज नाही, आपल्याकडे त्याचा धोका आहे. पिल्ले सांभाळणाऱ्यांनी आधी स्वतः रेबीजची लस घ्यावी, आणि चावा किंवा ओरखडा लहान असला तरी पंधरा मिनिटे साबणाने धुऊन लगेच दवाखाना गाठावा.