लावून बघायला काय जातं?

"मॅम, ये थोडा प्रीमियम रेंज है."

दुपारपासून अत्तराच्या काउंटरवरचं हे वाक्य डोक्यात घुमतंय, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. ते माझ्या मावशीसाठी होतं, म्हणून जास्त झोंबलंय. मला म्हटलं असतं तर तिथेच चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण मावशीला चारचौघांत तमाशा आवडत नाही, त्यामुळे तोंड दाबून गप्प बसले. आता ती घरी पोचली असेल, आता बोलते.

मावशी सकाळी दौंडहून शटलने, म्हणजे लोकल गाडीने, पुण्याला आली होती, डोळे तपासायला. डॉक्टरांनी थेंब घातले, काळा चष्मा दिला आणि उन्हात फिरू नका म्हणाले. म्हणून थेंबांचा अंमल उतरेपर्यंत आम्ही शेजारच्या मॉलमध्ये शिरलो. तळमजल्यावर एका बड्या परदेशी ब्रँडच्या नव्या अत्तराचं लाँच चाललेलं. फुलांची कमान, काळ्या कोटातल्या मुली, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारून "ट्राय करा" चाललेलं. मी थांबले. माझ्या लिस्टमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे, नवीन काही आलं की मला राहवत नाही.

मुलीने कागदाच्या पट्टीवर फुस्स केलं आणि पट्टी माझ्या हातात दिली. मावशीने हात पुढे केला. पंजा उलटा, बोटं जरा वाकवलेली. लग्नात मांडवाच्या दारात अत्तर लावायला उभ्या असलेल्या पोरींपुढे आपण करतो ना, अगदी तसा. तो हात तसाच हवेत राहिला. मुलीने तिच्या साडीकडे बघितलं, नायलॉनच्या पिशवीकडे बघितलं, मग ते वरचं वाक्य म्हणाली, आणि पलीकडच्या स्वस्तातल्या बॉडी मिस्टच्या फळीकडे बोट दाखवलं.

बोट!

मला एक सांगा, लाँच कशासाठी असतं? लोकांनी लावून बघावं म्हणूनच ना? बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'टेस्टर' छापलेलं असतं, त्या बाटलीची किंमत कंपनीने आधीच कुठेतरी वळती केलेली असते, आणि तरीही कुणाच्या हातावर फवारायचं आणि कुणाच्या नाही हे साडीवरून ठरणार? आपल्याकडे लग्नात अत्तर लावताना आहेर किती आणलाय हे कुणी विचारत नाही. जो दारातून आत येईल त्याला अत्तर, गुलाबपाणी आणि पेढा.

आणि मी मुळात अशा लाँचला का जाते ते एकदाचं सांगून टाकते, कारण दर वेळी कुणीतरी "किती ती उधळपट्टी" लिहून जातं. अहो, मी घेत नाही. क्वचित घेते. बहुतेक वेळा फक्त बघते. 2025 च्या ऑगस्टमध्ये लुई व्हिटॉनने मेकअप काढला, पॅट मॅकग्रासारखी नावाजलेली मेकअप आर्टिस्ट बाई त्याच्यामागे, आणि लिपस्टिक 160 डॉलरला. आपल्या पैशांत चौदा हजारांच्या आसपास. नुसती कांडी बदलायची तरी 69 डॉलर. ती लिपस्टिक मी जन्मात विकत घेणार नाही. पण ती ओठांवर कशी बसते, खरंच वेगळी आहे की नुसती डबी जड आहे, हे बघायचं मला कुतूहल आहे, आणि त्या कुतूहलाबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. एर्मेसने पहिल्यांदा लिपस्टिक काढली ती मार्च 2020 मध्ये, 24 छटांची. सगळं जग तोंडाला मास्क लावत होतं आणि हे लिपस्टिक घेऊन आले. त्यांच्या त्या टायमिंगवर मी अजून हसते.

तर लावून बघण्याबद्दल. हे काउंटरवरचे लोक कागदाच्या पट्टीवर भागवतात, ते मला मुळातच पटत नाही. अत्तर कागदावर कळत नाही. फवारल्या फवारल्या नाकात जातं ते संत्रं-लिंबू, हलकं, उडून जाणारं. नेमक्या तेवढ्या दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही कार्ड काढावं अशी त्यांची इच्छा असते. फुलं मागून येतात. आणि चंदन, व्हॅनिला, कस्तुरी जे काय तळाशी असेल ते संध्याकाळी कळतं. म्हणून अंगावर मारून घ्यायचं, मनगटं एकमेकांवर घासत बसायचं नाही, आणि सरळ चालू पडायचं. भाजी घ्या, बस पकडा, घाम येऊ द्या. एसीत राजेशाही वाटलेलं व्हॅनिला उन्हात रिक्षात बसलं की डोकं उठवतं. ही बाटली पॅरिसच्या थंडीत ठरवलेली असते, मे महिन्यात स्वारगेटला ती काय करते ते आपल्यालाच बघावं लागतं. आणि तो कॉफीच्या बियांचा काचेचा पेला शोभेचा आहे. नाक थकलं तर स्वतःच्या ओढणीचा वास घ्या, त्याने तेवढंच काम होतं.

मेकअपचं तर विचारूच नका. नवीन 'न्यूड' शेड आली की मी मुद्दाम लावून बघते, कारण कुणाच्या कातडीला 'न्यूड' म्हणायचं हे अजून यांचं ठरलेलं नाही. माझ्या सावळ्या ओठांवर त्यातल्या निम्म्या शेड लावल्या की मी टायफॉइडमधून उठल्यासारखी दिसते. 2017 मध्ये गायिका रिहानाच्या फेंटी ब्रँडने एकदम 40 छटांचं फाउंडेशन आणलं तेव्हा बाकीच्यांना जाग आली, की अरे, गडद रंगाच्या बायकांकडेही पैसे असतात. आपल्याकडे फेअर अँड लव्हलीने 2020 मध्ये नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं. नाव बदललं, पण काउंटरवरच्या जिभा? मागे एका ठिकाणी मला "मॅम, एक शेड लाइट घ्या, फेस ब्राइट दिसेल" असा सल्ला मिळाला. अगं बाई, एक शेड लाइट घेतली तर चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळ्या माणसाची वाटते. जबड्याच्या कडेला लावायचं, अर्धा तास थांबायचं, बाहेर उजेडात जाऊन आरशात बघायचं. दुकानातल्या दिव्यांत सगळ्याच सुंदर दिसतात, दिवे त्यासाठीच लावलेले असतात.

हो, फुकटे असतात. लग्नाला निघताना मॉलमध्ये शिरून अख्खा मेकअप टेस्टरवर उरकणाऱ्या बायका मीही बघितल्यात. लिपस्टिकचा टेस्टर थेट ओठांना घासणाऱ्यासुद्धा, शी. मान्य. पण त्यांची शिक्षा माझ्या मावशीला का?

मावशीकडे परत येते, कारण खरी गंमत पुढे आहे.

माझी पट्टी मी तिला दिली. डोळ्यांत थेंब, समोरचं सगळं धूसर, बाटली कसली आणि किंमत काय हे तिला दिसतही नव्हतं. तिने पट्टी नाकाला चिकटवली नाही, वीतभर लांब धरून हलवली, दोनदा, आणि म्हणाली, "निशिगंध आहे. पण दुपारचा."

मी म्हटलं, दुपारचा म्हणजे?

तर म्हणे, पहाटे काढलेल्या कळीचा वास वेगळा असतो, हिरवा. तीच कळी पाटीत राहून ऊन खाल्लं की गोड व्हायला लागते, जड होते. "हा त्या पाटीतला वास आहे." तिच्या सासरी अर्धा एकर निशिगंध होता. लग्न झाल्यापासून कंबर मोडेपर्यंत तिने तो अंधारात बॅटरी घेऊन काढलाय, दवात साडी भिजवत. सणासुदीला बरे पैसे, आणि पितृपक्षात भाव पडला की गुलटेकडीच्या बाजारात माल नेण्याचं भाडंही सुटायचं नाही. बारा महिने त्या वासात राहिलेली बाई. तिला प्रीमियम रेंज समजावताय?

त्या मुलीने खोका उलटा करून वाचला. 'ट्यूबरोज' लिहिलेलं होतंच. मग ती जरा गप्प झाली.

आता राग चढलाच आहे तर हेही लिहिते. या मोठमोठ्या घराण्यांच्या बाटल्यांत निम्मी बाग आपल्या अंगणातली आहे. गर्लांने 1925 मध्ये शालिमार काढलं ते मुघलांच्या बागेच्या नावावर. गुच्चीच्या 2017 च्या ब्लूममध्ये निशिगंध आणि जाई तर आहेच, शिवाय रंगून क्रीपर, म्हणजे तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडवर चढलेली मधुमालती! निशिगंधाचा आणि मोगऱ्याचा अर्क तामिळनाडू-कर्नाटकातून तिकडे जातो. मदुराईच्या मोगऱ्याला 2013 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. 30 मार्च 2023 ला दिओर आपला फॅशन शो घेऊन गेट वे ऑफ इंडियासमोर आलं, आपली भरतकामं, आपले कारागीर, सगळं कौतुक झालं. छान. आम्हीही फोटो बघून ऊर भरून घेतला. आणि दुकानात मात्र फूल काढणाऱ्या बाईचा हात हवेत.

कुणीतरी शहाणा येऊन सांगेलच की निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. आहे. मिरचीही तिकडचीच आहे, म्हणून ठेचा मेक्सिकन होत नाही.

असो. पाणी प्यायले. जरा शांत झाले.

कारण त्या मुलीबद्दल मी जे वर लिहिलंय ते अर्धंच आहे. फ्लोअर मॅनेजर फोनवर बोलत पलीकडे गेला तशी ती एकदम मराठीत आली. "आजी, तुम्ही कुठल्या?" मावशीने सांगितलं. तर ही पोरगी इंदापूरची निघाली. पलीकडच्या तालुक्यातली! मग तिने इकडेतिकडे बघितलं आणि टेस्टर उचलून मावशीच्या हातावर मारला, उलट्या पंजावर, दोनदा. म्हणाली, "आम्हाला सांगितलंय, जे घेतील असे वाटतात त्यांनाच स्किनवर द्यायचं. बाकीच्यांना पट्टी. टेस्टरचा हिशेब द्यावा लागतो."

म्हणजे ते वाक्य तिचं नव्हतंच. तिला पाठ करून दिलेलं होतं, हिंदीत.

सकाळी अकरा ते रात्री नऊ उभं राहायचं, त्या कोटात, टाचेच्या बुटांत, चेहऱ्यावर ब्रँडचा पूर्ण मेकअप थापून, आणि महिन्याचं टार्गेट डोक्यावर. बसायला स्टूल नाही. मी इतकी वर्षं हे काउंटर पालथे घालतेय, त्या मुलींपैकी एकीलाही बसलेलं बघितलेलं नाही. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसू देण्याचा कायदा केला. दुकानात बसायला मिळावं म्हणून कायदा करावा लागतो, यातच काय ते समजा. तिच्यावर मी काय चिडू? तिच्या एका महिन्याच्या पगारात ती बाटली बसेल की नाही, शंकाच आहे.

पण ज्याने हे 'घेतील असे वाटतात' शिकवलं ना, त्याच्यावर मी चिडलेली आहे आणि राहणार आहे. तो कुठल्यातरी हॉटेलच्या हॉलमध्ये प्रेझेंटेशन लावून हे शिकवतो. कुठली पर्स म्हणजे गिऱ्हाईक, कुठली चप्पल म्हणजे टाइमपास. त्याला एवढंही कळत नाही की पुण्याच्या आसपास ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरातल्या बायका अशाच साडीत येतात आणि रोख मोजून जातात. बरं, ते सोडा, नसतील पैसे! अजिबात नसतील! तरी वास घेतला तर तुमचं काय वाहून जातं?

आणि आपणही कमी नाही. आपल्यापैकी कितीजणी अशा दुकानात शिरण्याआधी केस नीट करतात, चांगली पर्स पुढे घेतात, "सहज बघतेय" म्हणताना आवाज बारीक करतात? आम्ही काहीतरी घ्यायलाच आलोय असं नाटक करून शेवटी लाजेकाजेस्तव काजळ तरी घेऊन बाहेर पडायचं. मावशीने असलं काही केलं नाही. हात पुढे केला, बस.

रिक्षात मी धुमसत होते. तिला विचारलं, वाईट वाटलं का गं? तर म्हणाली, "कोट छान होता पोरीचा. पण उकडत असेल." आणि मग शेवग्याच्या शेंगा कुठे स्वस्त मिळतात ते विचारलं.

आत्ता तिचा फोन येऊन गेला. अत्तराचा निकाल: दौंड यायच्या आत उडालं. पाच आकडी किंमत आणि एक शटलचा प्रवास टिकत नाही. घ्या प्रीमियम रेंज.

एडिट: ब्रँडचं नाव विचारू नका, सांगणार नाही, ती मुलगी अडचणीत येईल. आणि इनबॉक्समध्ये विचारणाऱ्यांसाठी: पूर्ण बाटली परवडत नसेल तर पाच-दहा मिलीचे डिकँट मिळतात, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून छोट्या कुपीत भरलेलं. ओळखीच्याकडूनच घ्या, त्यात भेसळ फार. नाहीतर काउंटरवर सॅम्पलची कुपी मागा. त्यांच्या ड्रॉवरमध्ये असतात, मागितल्याशिवाय काढत नाहीत. येत्या रविवारी दुसऱ्या एका ब्रँडचा नवीन मेकअप येतोय, मी जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी कमेंट करा. साध्या साडीत या, नायलॉनची पिशवी घेऊन.