फाइल करप्ट झाली की लगेच चेकडिस्क मारू नका, प्लीज

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: असेंबल्ड पीसीवर फाइल्स करप्ट किंवा गायब व्हायला लागल्या म्हणजे हार्ड डिस्क गेली नाहीतर व्हायरस, आधी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) मारा, नाही जमलं तर फॉरमॅट करून विंडोज टाका, डेटा काय रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत येतोच. मला तिघांनी पाठवला आणि तिघांनाही फोन करून सांगितलं की बाबांनो थांबा, आधी कशालाच हात लावू नका.

"डिस्कच गेली असणार." जाते की, पण घरी जोडलेल्या मशीनमध्ये माझा पहिला संशय रॅमवर. डिस्कवर जे काही लिहिलं जातं ते आधी रॅममधून जातं, तिथे एक बिट उलटला की डिस्क तो चुकलेला डेटाच इमानेइतबारे लिहून ठेवते, एरर वगैरे काही येत नाही. आणि पीसी जोडला की आपण पहिलं काय करतो? बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायचं सेटिंग) ऑन. ते ओव्हरक्लॉकिंगच आहे, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, हे कुणी सांगतच नाही.

माझ्याकडे ताईच्या लग्नाचे फोटो असेच गेले. एका फोटोत तिच्या गळ्यातल्या हारापर्यंत सगळं नीट आणि त्याखाली सगळं हिरवट, एका बाजूला सरकलेलं. डिस्कचं स्मार्ट स्टेटस (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) एकदम ओके. मग एक ४० जीबीची व्हिडिओ फाइल घेतली, मुद्दाम रॅमपेक्षा मोठी म्हणजे दर वेळी डिस्कवरूनच वाचली जाईल, आणि सर्टयुटिल या विंडोजमधल्याच कमांडने तिचा हॅश (फाइलमधल्या डेटावरून निघणारा ठसा, फाइल तीच तर ठसाही तोच) तीनदा काढला. फाइलला हात लावला नव्हता, तरी तिसऱ्यांदा हॅश वेगळा आला! रात्रभर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावला, सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. एक्सएमपी बंद करूनही एरर येत राहिल्या, मग रॅमची एकेक स्टिक वेगळी लावून बघितली तेव्हा कुठे खराब स्टिक सापडली. मेमटेस्टमध्ये एक एरर आली तरी ती जास्तच आहे, "एकच तर आहे" म्हणून सोडू नका.

रॅम क्लीन निघाली तर प्रोसेसरही बघा. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या काही चिप्समध्ये व्होल्टेजचा घोळ होता, झिप उघडतानाच एरर यायच्या, २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला कोड) अपडेट आलं, ते बायोस अपडेटमधून मिळतं.

व्हायरसचं म्हणाल तर रॅन्समवेअर (फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) सहसा फाइलचं एक्स्टेन्शन बदलतो, पैसे मागणारी चिठ्ठी ठेवतो. अर्धा फोटो सरकवून तो गप्प बसत नाही.

"आधी चेकडिस्क." हे सगळ्यात घातक. चेकडिस्क फाइल सिस्टिमचा सांगाडा दुरुस्त करतो, तुमच्या फोटोच्या आत काय बिघडलंय ते त्याला कळत नाही. रॅम खराब असताना तो चालवला तर चांगली नोंदही चुकीची समजून "दुरुस्त" करेल. आणि डिस्क खरंच मरायला टेकली असेल तर चेकडिस्कला स्लॅश आर (खराब भाग शोधायचा पर्याय) लावून पूर्ण डिस्क तासन् तास वाचायला लावणं म्हणजे तिला संपवणंच. आधी डिस्कचा क्लोन (दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल) काढा, मग त्या क्लोनवर काय ते प्रयोग करा.

"ड्राइव्ह दिसत नाही म्हणजे गेला." नवीन एम डॉट टू एसएसडी लावलाय का? बऱ्याच मदरबोर्डवर तो स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट (डिस्कची केबल लागते ती जागा) बंद होतो, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. आणि स्मार्टमध्ये सीआरसी एररचा (केबलमधून डेटा जाताना होणाऱ्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर साटा केबल बदलून बघा, स्वस्तातली गोष्ट आहे.

"फॉरमॅट करा, डेटा परत येतो." एसएसडीवर? फॉरमॅट केलं की विंडोज ट्रिम (हे ब्लॉक आता लागत नाहीत, असा निरोप) पाठवतं, मग ड्राइव्ह ते ब्लॉक रिकामे समजतो आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरला बहुतेक वेळा नुसते शून्य मिळतात. हार्ड डिस्कवर चान्स असतो, पण विंडोज परत टाकून तिच्यावरच लिहिलं तर तोही घालवला.

ताईचे बहुतेक फोटो वाचले कारण कॅमेऱ्याचं कार्ड मामेभावाने अजून फॉरमॅट केलं नव्हतं. हळदीचे मात्र दुसऱ्या कार्डावर होते, ते कार्ड रिकामं करून झालं होतं, ते फोटो आजही तसेच आहेत, अर्धे हिरवे.