रेकॉर्ड श्रीमंत झालं

परवा सकाळी शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात काकाजी त्याखालून वाकून आत आले आणि म्हणाले, "काहून बे, माह्या जावयाचं नाक कापून तुले काय भेटलं?"

मी दारव्ह्याच्या बाजूला मोटर-पाइपचं दुकान चालवतो. फुटव्हॉल्व्ह, स्प्रिंकलरचे नोझल, पाच एचपीच्या मोटरी. जावयांची नाकं आमच्याकडे मिळत नाहीत. पण गेल्या आठवड्यात बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नवीन बटन उगवलं: 'ग्राहकांची माहिती आपोआप भरा'. मी ते दाबलं. फुकट होतं म्हणून दाबलं, खोटं कशाला बोलू.

सुरुवातीला मजा आली. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, आपले 27, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. तो नंबर टाकला की सरकारी नोंदीतलं मालकाचं नाव, फर्मचं नाव, पत्ता, सगळं धावत येतं. आमच्याकडचे एक ठेकेदार, ज्यांच्या बुलेटच्या आवाजानं ग्रामपंचायत जागी होते, त्यांच्या बिलावर छापून आलं वहिनींचं नाव. फर्म वहिनींची. मी दोन दिवस हसलो. ते हसू आता मला नडलं असं घरचे म्हणतात.

मग सॉफ्टवेअरनं पिनकोडवरून गावं भरली. एका पिनकोडाखाली गावं किती, हे त्याला कोण सांगणार? 445202 लिहिलेलं माझं झाडून सगळं गिऱ्हाईक एका रात्रीत दारव्हा शहरात राहायला आलं. वावरं तिकडेच राहिली.

शेतकऱ्यांकडे कुठला आलाय जीएसटी नंबर? त्यांची नावं त्यानं मोबाइल नंबरवरून शोधली. कुठून शोधली, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. काकाजींचं सिम काढलं होतं जावयानं, स्वतःच्या आधारवर. झालं. माझ्या खात्यातून काकाजी पुसले गेले, त्यांच्या जागी जावई येऊन बसला आणि सोमवारी काकाजींच्या फोनवर आपोआप वसुलीचा मेसेज गेला. आदरणीय अमुक अमुक, आपल्याकडे 4,350 रुपये बाकी आहेत, त्वरित भरणा करावा.

काकाजींचा चष्मा घरी होता. त्यांनी फोन पानठेल्यावरच्या एका पोट्ट्याच्या हातात दिला. पोट्टं वक्तृत्व स्पर्धेतलं. त्यानं मेसेज वाचला नाही, सादर केला.

"पुऱ्या गावात झालं का जावई उधारीवर जगते," काकाजी माझ्याच स्टुलावर बसून मला सांगत होते. "थो पुन्याले कंपनीत हाय! धोंड्यात म्या त्याले चांदीचा गिलास देल्ला. आता लोक इचारते, गिलास मोडला काय म्हनून."

"पण काकाजी, बाकी तर आहे ना?"

"हाय ना! नाई कोन म्हन्ते? पन माही हाय. माही बाकी तू त्याले काहून देऊन राहिला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उधारीवरही कोणी एवढा हक्क सांगतो, हे मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. वर मी एक घोडचूक केली. खातं दुरुस्त करायला कीबोर्ड ओढला आणि विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा बरं."

दुकानात शांतता पसरली.

"वीस वर्सं झाली," काकाजी हळूच म्हणाले, "माह्या हातचे हुरड्याचे कनसं खाल्ले तू. अन् नाव इचारतं?"

खरं सांगतो, मला त्यांचं नाव कधी लागलंच नव्हतं. माझ्या जुन्या खात्यात ते होते 'बाभळीच्या वावरवाले काकाजी. सीतादही झाल्यावर मागणे.' सीतादही म्हणजे आमच्याकडची कापूस वेचणीची पूजा. तशीच बाकीची मंडळी. 'दोन भाऊ, धाकट्याला देऊ नये.' 'दिवाळीनंतर देतो म्हणतो, कोणती ते विचारणे.' 'पोळ्याच्या आधी फोन केला तर चिडतात.' ही माझी वीस वर्षांची कमाई. त्या रकान्यात आता सरळ, शुद्ध, सरकारी नावं आहेत आणि त्यातला एकही माणूस मी ओळखत नाही.

कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. अर्धा तास गाणं ऐकल्यावर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमचे रेकॉर्ड एनरिच झालेत." म्हणजे काय, तर श्रीमंत झालेत. मी म्हटलं, ताई, रेकॉर्ड झाले असतील, मी आहे तिथेच आहे, माझं जुनं परत द्या. तर म्हणे, बॅकअप घेतला होता का, सर? विचारल्याशिवाय पुसायचं त्यांनी आणि बॅकअप घ्यायचा मी. वर्षाची फी भरायची वेळ आली की मात्र यांना माझं नाव, गाव, नंबर सगळं तोंडपाठ असतं. तिथे कधी माझा जावई लागत नाही.

काकाजी उठायला तयार नव्हते. "आता दुसरा मेसेज धाड. म्या सांगतो तसा लिही. जावयाकडं एक पैसा नाई. सासऱ्याकडं हाय. सासरा कापूस निघाल्यावर देते. धाड, त्याच पोट्ट्याले वाचाले लावतो."

मी लिहिलं. पाठवलं. त्यांच्या फोनची टिंग वाजली. आज चष्मा होता. ओळीवर बोट ठेवत ते शेवटपर्यंत गेले आणि थांबले.

"हे खाली बाईचं नाव कोनाचं?"

मी वाकून पाहिलं. त्या बटनानं माझंही खातं श्रीमंत केलं होतं. म्हटलं, "दुकान आमच्या घरच्यांच्या नावावर आहे, काकाजी. कर्जाच्या वेळी केलं होतं."

काकाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मागच्या दाराकडे तोंड करून त्यांनी आवाज दिला, "ओ सूनबाई! एक फुटव्हॉल्व्ह पायजे होता, उधारीवर देता काय? इथं बसला थो पोट्टा नाव इचारते."